आईची पाचाची गोळी

तीर्थरूप आई, नाना,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी रागावून घे. तुला न विचारता ठरवून टाकलंय. सोमवारी सकाळी लॅबचा मुलगा घरी येईल, तुझं सोडियम तपासायला. डॉक्टरांशी बोलूनच केलंय गं. तुझी ती उदासीवरची पाच मिलिग्रॅमची गोळी, एस्सिटालोप्राम, तिच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम उतरण्याची भीती जास्त. त्यात तू साठीपुढची, बाईमाणूस, अंगाने काटकुळी, वर बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. सगळं एकाच पारड्यात. 135 च्या खाली घसरत गेलं की गळाल्यासारखं होतं, तोल जातो, शब्द आठवत नाहीत, आणि घरचे म्हणतात वय झालं. जळगावच्या उन्हात पाणी तहानेला पीच. पण कुणी सांगितलं म्हणून तांब्यामागून तांब्या नको, जास्तीच्या पाण्यानेही सोडियम उतरतं. आपल्या मनाने मीठही वाढवू नकोस, बीपी आहे.

"पाचाच्या गोळीने काय होतंय?" असं म्हणालीस म्हणे. या वयात यकृत ती सावकाश मोडतं, रक्तातला साठा तरुणांच्या साधारण दीडपट होतो. म्हणून तुझ्या वयात बहुतेकांना 10 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. तुझी ॲसिडिटीची ओमेप्राझोल तर हा साठा आणखी वाढवते. ती ठेवायची की बदलायची, ते डॉक्टर बघतील.

आणि नानांच्या त्या झोप आणणाऱ्या मिर्टाझापिनमधली अर्धी घेतलीस ना? रक्तातली निम्मी उतरायला पुरुषांत सरासरी 26 तास लागतात, बायकांत 37. नाना सकाळी ताजेतवाने उठतात म्हणून तूही उठशील असं नाही. दुपारी कळण्याची भाकरी थापताना चुलीपाशीच झोक गेला तर? रागावले नाही गं, पण पुन्हा नको. नाना, डबा तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या करगोट्याला.

गुडघ्याला डायक्लोफेनॅकची गोळी नको, एस्सिटालोप्रामसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तेल चोळून शेक घे. बरं वाटलं तरी एस्सिटालोप्राम एकदम बंद करायची नाही. चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं.

कूलरची टाकी रोज भरायला माणूस लावलाय, पैसे दिलेत, त्याच्याशी घासाघीस करू नकोस. आखाजीला मी येतेय. झोका बांधून ठेवा, अजून तुझ्याच मांडीवर बसायचंय मला.

सोमवारी उपाशी राहू नकोस. या तपासणीला चहा-पोहे चालतात.

तुमची,
ताई