बेचाळिसावं विजेतेपद आणि आपली मंडळी

दादर, मुंबई
१९ मार्च २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गुरुवारी मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्या रात्री तुझा फोन आला तेव्हा अण्णांच्या घरी सगळे जमले होते आणि त्या गलक्यात तुझ्याशी धड बोलता आलं नाही. "स्कोअर मला पाठ आहे, तू आपल्या मंडळींचं लिही," असं म्हणालास, तेवढं मात्र नीट ऐकू आलं. म्हणून आज सुट्टी टाकून बसलोय. पत्र लांबणार आहे, चहा करून घे.

आधी हे सांगतो की या मोसमाच्या सुरुवातीला आपला पाठीराख्यांचा गट राहतो की नाही अशी अवस्था होती. तू नागपूरला गेलास, दोघं मुलांकडे पुण्याला गेले, आणि उरलेल्यांचं मन गेल्या वर्षीच उडालं होतं. ब्रेबर्नवरचा तो महाराष्ट्राविरुद्धचा सामना आठवतो ना? त्यांच्या ३८४, आपल्याही ३८४. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी मोजतात, ती कुणालाच नाही, आणि बाद फेरीच्या शर्यतीतून दोघेही बाहेर. त्याआधी अंतिम सामन्यात २०२२ला बंगळुरूत मध्य प्रदेशने हरवलं, २०१७ला इंदूरला गुजरातने. आपण पुण्याजवळ गहुंज्याला बसून सौराष्ट्राविरुद्ध जिंकताना पाहिलं ते २०१६च्या फेब्रुवारीत. तेव्हापासून रणजी घरी आलीच नव्हती. ज्या संघाने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा ती जिंकली, त्याच्या पाठीराख्यांना आठ वर्षांचा उपास जड जातो. नव्या मुलांना तर हे पंधराचं प्रकरण सांगितलं की आपण थापा मारतोय असं वाटतं.

त्यात अण्णांचे डोळे. मोतीबिंदूमुळे त्यांना सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दिसेना, आणि स्कोअरबुक म्हणजे अण्णांचा प्राण. १९९१च्या अंतिम सामन्यात हरयाणाविरुद्ध दोन धावांनी हरलो, वेंगसरकर १३९वर नाबाद राहिले, त्या दिवसाचं पान अजून त्यांच्याकडे आहे. डिसेंबरात ते मला म्हणाले, "वही बंद करू या. चुकीची नोंद ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर तुझ्या पुतणीने दिलं. ती कॉलेजातून येता येता अण्णांकडे गेली आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते." बस. तिला रणजीचं फारसं काही माहीत नव्हतं. महिनाभर अण्णांनी तिला जुन्या वह्या उलगडून दाखवल्या, निर्धाव षटक कसं भरायचं, लेगबाय कुठे मांडायचा, गडी बाद झाल्यावर त्या क्षणाची धावसंख्या आणि वेळ का लिहायची. अण्णा कडक मास्तर आहेत हे तुला सांगायला नको.

पाटण्याचा पहिला सामना सगळ्यांनी फोनवरच पाहिला. बिहारच्या दोन संघांनी मैदानावर यावं असा प्रकार तिथे घडला, ते तू वाचलंच असशील. आपण एक डाव आणि ५१ धावांनी जिंकलो. त्याच सामन्यात बिहारकडून वैभव सूर्यवंशी नावाचा बारा वर्षांचा मुलगा खेळला. समोर अख्खी मुंबई असताना त्या वयात सलामीला उतरायचं म्हणजे काय छाती लागते! मग आंध्र, मग केरळ. केरळात थुंब्याला मोहित अवस्थीने एका डावात सात बळी घेतले, पुढे कोलकात्याच्या ईडनवर बंगालचेही सात. आंध्र आणि केरळ दोन्हीविरुद्ध आपला कर्णधार अजिंक्य रहाणे पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तेव्हा गटात कुरकुर सुरू झाली. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो, कर्णधाराची किंमत त्याच्या एका महिन्याच्या धावांवरून करू नये. ड्रेसिंग रूममध्ये तो काय करतो हे आपल्याला गॅलरीतून दिसत नाही.

२६ जानेवारीला सुट्टी, वानखेडे, समोर उत्तर प्रदेश. यंदा आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिलाच सामना. नितीश राणाने शतक ठोकलं, आपल्याकडून दुसऱ्या डावात शिवम दुबेने ११७ केल्या, आणि सोमवारी दोन गडी राखून ते जिंकले. आख्ख्या स्पर्धेतला आपला हा एकच पराभव. तुझ्या पुतणीच्या हातची पहिली पूर्ण वही आणि त्यात हार! चर्चगेटला परत जाताना ती गप्प होती. अण्णा तिला म्हणाले, "हरलेल्या सामन्याचं अक्षर तुझं फार सुंदर आलंय." त्या दिवशी ती आपल्या गटाची झाली असं मी मानतो.

आता मला ज्याच्यासाठी हे पत्र लिहायचं आहे तिथे येतो. २७ फेब्रुवारी, मंगळवार. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बीकेसीच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्याचा शेवटचा दिवस. पहिल्या डावात मुशीर खानच्या नाबाद २०३ धावा झाल्या होत्या, आपल्याला ३६ची आघाडी होती, म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी आपण पुढे जाणार हे ठरलेलं. आदल्या संध्याकाळी आपले नऊ गडी बाद झाले होते. कामाचा दिवस, शेवटची जोडी, निकाल माहीत. कोण जाणार? बहुतेकांनी कळवलं की जमणार नाही. अण्णा, तुझी पुतणी आणि मी, तिघेच गेलो. बीकेसीला वानखेडेसारखे स्टँड नाहीत हे तुला ठाऊक आहे. जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. डब्यात पोळी-भाजी होती, म्हटलं तासाभरात सगळं आटोपेल, मग ती खाऊन निघू.

तनुष कोटियन दहाव्या क्रमांकाचा आणि तुषार देशपांडे अकराव्या. आणि मित्रा, ते बादच होईनात! सुरुवातीला बडोद्याचे खेळाडू निवांत होते. नंतर क्षेत्ररक्षक पांगले. आधी कोटियनचं शतक झालं, आणि मग कल्याणच्या तुषारचं. अकराव्या क्रमांकावर येऊन १२३! कोटियन १२० नाबाद. नऊ बाद ३३७ची धावसंख्या ५६९वर गेली, म्हणजे शेवटच्या जोडीने २३२ जोडल्या. रणजीत दहाव्या गड्यासाठी अजय शर्मा आणि मनिंदर सिंग यांच्या २३३ आहेत, तो विक्रम एका धावेने राहिला.

अण्णा मात्र त्या एका धावेत अडकले नव्हते. शतकं झाली तसे ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सरवटे आणि बॅनर्जी!" तुझ्या पुतणीला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी दहा आणि अकरा नंबरला येऊन शतकं केली होती, भागी २४९ची. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात असं त्याआधी एकदाच घडलं होतं, आणि हे दुसऱ्यांदा. तेव्हाची दोन्ही नावं भारतीय, आताचीही. आणि या दुसऱ्या वेळेची नोंद आपल्या वहीत, एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हाताने, प्रत्येक चेंडूनिशी! डबा तसाच राहिला. भाजी खाल्ली ती संध्याकाळी घरी येऊन.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की वाटायला लागली आहे आणि मी ती गटात सगळ्यांना सांगतोय. पाठीराखा लागतो तो अशा मंगळवारी. अंतिम सामन्याला गर्दी आपोआप येते. पण रणजीचा खेळाडू वर्षातले बहुतेक दिवस रिकाम्या मैदानावर खेळतो, ऊन-धूळ खात, टीव्हीवर नसताना. षटक संपवून तो सीमारेषेवर येतो तेव्हा तिथे चार माणसं नावाने हाक मारायला असली, तर त्याला फरक पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हवं तर हट्ट म्हण, पण या विजेतेपदाचा पाया त्या रिकाम्या मैदानांवर घातला गेला आणि तिथे आपली माणसं असली पाहिजेत. बाद फेरीचे सामने लोकांना ऐसपैस बसता येईल अशा मैदानावर व्हावेत असंही मला मनापासून वाटतं. शाळेतली पोरं येतील, सावलीत बसतील, डोळ्यांनी शिकतील.

बडोद्याच्या सामन्याआधी आसामला शार्दुल ठाकूरने २१ धावांत सहा बळी घेऊन ८४मध्ये गुंडाळलं होतं, सामना दोन दिवसांत संपला. आणि उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध आपण ७ बाद १०६ असताना पुन्हा तोच शार्दुल. १०९ धावा, त्याचं पहिलंच प्रथम श्रेणी शतक. कोटियन परत नाबाद, ८९. पालघरहून किट घेऊन लोकलने येणारा मुलगा म्हणून शार्दुलला ओळखणारी आपली मंडळी त्या दिवशी बेभान झाली. या वेळी मंडळी बरीच होती, शनिवार-रविवार मिळाला होता. बघ ना, खालचे फलंदाज मोसमभर संघाला उचलत होते. वरचे बाद झाले की आम्ही घाबरायचंच सोडून दिलं.

त्याच आठवड्यात तू नागपूरच्या जामठ्याला बसून विदर्भ-मध्य प्रदेश हा दुसरा उपांत्य सामना पाहत होतास. यश राठोडच्या १४१ धावांबद्दलचा तुझा मेसेज मी सगळ्यांना वाचून दाखवला. पहिल्या डावात मागे पडून ६२ धावांनी जिंकणं हे फार मोठं काम. अंतिम सामना मुंबई-विदर्भ ठरल्यावर इथे पहिला प्रश्न आला, "हा आता कुणाकडून?" मी सांगितलं, त्याला विचारू नका. ज्या गावाने माणसाला घर दिलं, त्याच्या संघावर जीव जडला तर त्यात गैर काहीच नाही. शिवाय विदर्भाला पहिली दोन विजेतेपदं मिळाली तेव्हा प्रशिक्षक आपले चंदू पंडित होते आणि फलंदाजीला वसीम जाफर. नातं जुनंच आहे.

अंतिम सामन्याचं तुला बरंच माहीत आहे, तेव्हा झरझर सांगतो. आपल्या २२४, त्यात ७५ शार्दुलच्या. विदर्भ १०५. धवल कुलकर्णीने १५ धावांत तीन बळी घेतले, आणि हा त्याचा शेवटचा सामना. दुसऱ्या डावात मुशीर १३६, श्रेयस अय्यर ९५, आणि आपला अजिंक्य ७३. कुरकुर करणारे सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होते, ते पाहून बरं वाटलं. रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून शतक करणारा सर्वात लहान खेळाडू हा सचिनचा मान मुशीरकडे गेला, आणि सचिन स्वतः स्टेडियममध्ये होता.

पण तुला सांगायचं ते पाचव्या दिवसाचं. विदर्भाला ५३८ धावा हव्या, पाच बाद २४८. आम्हाला वाटलं जेवणापर्यंत संपेल. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी अख्खं सत्र एकही गडी दिला नाही. एकशे तीस धावांची भागी. वानखेडेवर शांतता पसरली होती आणि मला मनातून त्यांचं कौतुक वाटत होतं. वाडकरचं शतक झालं तेव्हा आमचा अख्खा गट उभा राहिला. अण्णा पहिले. कोटियनने त्याला पायचीत केलं आणि मग शेवटचे पाच गडी १५ धावांत गेले. नऊ बाद झाल्यावर अजिंक्यने चेंडू धवलच्या हातात दिला. त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला आणि रणजी आपली झाली. १६९ धावांनी. बेचाळिसावी.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. धवलला आपण त्याच्या पहिल्या मोसमापासून पाहत आलोय, किती दुखापती, किती पुनरागमनं. शेवटचा चेंडू त्याला मिळावा हे ज्याला सुचलं, त्या कर्णधाराबद्दल आता कुणी माझ्यासमोर वावगं बोलू नये.

आता कामाचं. अण्णांची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये आहे, काळजी करू नकोस, डॉक्टर निर्धास्त आहेत. पुढच्या मोसमात वही तुझी पुतणीच ठेवणार, अण्णांनी ते सगळ्यांसमोर जाहीर केलंय. तिच्या तीन मैत्रिणी यायला लागल्या आहेत. पावसाळ्यात कांगा लीगलाही जायचं ठरतंय, चिखलातलं क्रिकेट त्यांनी अजून पाहिलेलं नाही. तुझी वर्गणी मी भरली आहे, तू नागपूरला असलास तरी तुझं नाव यादीतून काढायचं नाही असा सगळ्यांचा निर्णय आहे.

आणि एक मागणं. जामठ्याला तूही वही ठेवली होतीस ना? उपांत्य सामन्याच्या पानांचे फोटो पाठव. तुझ्या पुतणीला यश राठोडचा तो डाव चेंडूनिशी बघायचा आहे आणि अण्णांना तो आपल्या पेटीत ठेवायचा आहे. तिथे ओळखीचे चार जण असतील तर त्यांनाही धर, ऑक्टोबरपासून तुमचाही गट उभा राहू दे. पुढच्या वर्षी मुंबई नागपूरला खेळायला आली तर आम्ही सगळे तुझ्याकडे उतरू. वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

त्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दादरचा मित्र