डॉ. जगन्नाथ वाणी यांना, एका शुभंकराकडून (म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाकडून)

आदरणीय वाणी सर,

तुम्ही 2017 साली गेलात. आपली भेट कधी झाली नाही, पण आमच्या घरात तुमचं नाव अजून निघतं.

दादाला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी पडली, आणि नातेवाइकांचे सल्ले. बाहेरचं काही असेल, बघून घ्या. लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. पण गोळी गालात धरून नंतर थुंकून टाकणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं? तो रात्रभर दिवा लावून येरझारा घालतो, तर आईनं झोपायचं कधी? हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. ते आम्हाला सांगितलं पुण्यात, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटातल्या इतर शुभंकरांनी. एक काकू म्हणाल्या, "त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत हे पटवत बसू नका. भीती वाटतेय का, एवढं विचारा." घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटली. (गटात बहुतेक आया, बहिणी, बायकाच असतात. पुरुषांनो, या की कधीतरी!)

ही संस्था तुम्ही 1997 मध्ये सुरू केलीत. तुम्ही काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हतात; कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होतात. पत्नीला हा आजार होता आणि तुम्ही तो लपवला नाहीत. आमच्याकडे सोयरीक मोडेल म्हणून औषधाचं रिकामं पाकीटसुद्धा शेजारच्यांना दिसू देत नाहीत. तुम्ही मूळचे धुळ्याचे, तुम्हाला हे वेगळं काय सांगायचं! याच आजारावरच्या 'देवराई' सिनेमाच्या पाठीशी तुम्ही उभे राहिलात. तो सिनेमा पाहून आल्यावर आईनं मावशीला पहिल्यांदा आजाराचं नाव घेऊन सांगितलं.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथून सुटून घरी आलेल्या माणसानं दिवसभर करायचं काय, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांचा. त्याचं उत्तर घरच्या माणसांना विचारूनच शोधायला हवं, हे तुम्ही फार आधी ओळखलंत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर शुभंकरांच्या प्रतिनिधींनाही जागा दिली. तिथे बसून आता मोठ्यानं बोलायला हवं, असं माझं मत.

हल्ली गटात नवीन कुटुंब आलं की आई त्यांना शेजारी बसवून घेते. तुमचे, आणि जिच्या आजारपणातून हे सगळं उभं राहिलं त्या तुमच्या पत्नीचेही मनापासून आभार.

आपली,
दादाची धाकटी बहीण