"तुझं कृष्णविवर गिळतंय की ओकतंय?"

आदरणीय मॅडम,

फोनवर आभार मानायला गेले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बंद केलात. म्हणून आता चारचौघांत मानते.

तीन आठवडे माझा होलोग्राफिक अतिसंवाहक (म्हणजे एक मिती जास्त असलेल्या अवकाशातल्या कृष्णविवराच्या गणितातून, त्या अवकाशाच्या सीमेवर उभा राहणारा कागदी अतिसंवाहक) उणे संवाहकता दाखवत होता. संवाहकता ही संमिश्र संख्या, तिचा वास्तव भाग ऊर्जा किती शोषली जाते ते सांगतो. उच्च वारंवारतेला जिथे हा वास्तव भाग १ कडे जायला हवा, तिथे तो उणे १ कडे निघालेला. म्हणजे पदार्थ ऊर्जा शोषण्याऐवजी फुकट वाटत सुटला होता! काल्पनिक भाग मात्र शोधनिबंधातल्यासारखा हुबेहूब, त्यामुळे चूक शोधायची कुठे तेच कळेना. शेवटी भीत भीत तुम्हाला मेल केला. कार्यशाळेत एकदाच भेटलेली मुलगी तुमच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. उत्तर एका ओळीचं आलं: "तुझं कृष्णविवर गिळतंय की ओकतंय?"

ओकत होतं. घटनाक्षितिजाशी, म्हणजे कृष्णविवराच्या परतीची वाट नसलेल्या कडेशी, लहर आत जाणारी घ्यायची, तर घातांकातल्या एका चिन्हामुळे माझी बाहेर येत होती. असं झालं की वास्तव भागाचं चिन्ह उलटतं आणि काल्पनिक भाग तसाच राहतो. तुम्ही नुसता आलेख पाहून ओळखलंत, मला ते कागदावर मांडल्यावर पटलं.

पण खरे आभार त्यानंतरच्या फोनचे. गब्सर यांनी आणि मग हार्टनॉल, हर्झॉग व होरोविट्झ यांनी २००८ मध्ये मांडलेलं हे प्रतिमान मी समीकरणांनिशी घोकलं होतं. कृष्णविवराला 'केस' का फुटतात, म्हणजे त्याच्याभोवती कणांचा ढग का टिकतो, हे मात्र सांगता आलं नसतं. तुम्ही म्हणालात, भारित कृष्णविवर आपल्यासारखाच भार असलेले कण दूर ढकलतं, पण तिथलं ऋण वक्रतेचं अवकाश म्हणजे भिंती असलेली पेटी, त्यांना पळून जाऊ देत नाही. तापमान पुरेसं उतरलं की त्यांचा ढग क्षितिजाबाहेर तरंगत राहतो. सीमेवरून पाहणाऱ्याला तीच अतिसंवाहकता. एवढं ऐकल्यावर समीकरणं परत वाचली तर ती चक्क ओळखीची वाटली.

आणि मसुद्यातलं ते वाक्य! 'उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचं कोडं यातून उलगडतं' असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही ते खोडलंत, शेजारी लिहिलंत, "सीमेवरची सममिती वैश्विक आहे; काटेकोर बोलायचं तर हा अतिप्रवाही." म्हणजे सीमेवर खरं विद्युतचुंबकीय क्षेत्र नाहीच, त्यामुळे हा घर्षणाशिवाय वाहणारा प्रवाही, खरा अतिसंवाहक नव्हे. तेव्हा थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

परवा ऊर्जाफट काढली, म्हणजे ज्याखाली शोषण जवळजवळ होत नाही ती ऊर्जा. अतिसंवाहकता सुरू होते त्या संक्रमण तापमानाच्या साधारण ८ पट आली. साध्या धातूंची अतिसंवाहकता समजावणाऱ्या १९५७ च्या बीसीएस सिद्धांतात ती ३.५ च्या आसपास असते. या वेळी पुढे एकही मोठं वाक्य जोडलेलं नाही. आलेख मेलने पाठवला आहे. वास्तव भाग कुठेही शून्याखाली जात नाही, दोनदा तपासलाय.

तुमची,
चिन्ह सुलटं केलेली विद्यार्थिनी