दप्तरे पुरे, आता छप्पर आणि बस बघा

महोदय,

जून उजाडला की आपल्या अंकात वह्या-दप्तरे वाटपाचे फोटो सुरू होतात. पतसंस्था, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारखानदार, युवक मंडळे, सगळेच देतात आणि मनापासून देतात. पण रस्त्यालगतच्या शाळेत एकाच मुलाच्या हाती दोन-दोन दप्तरे येतात आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांची कौले मात्र पावसाळाभर गळत राहतात. तिकडे पाहुण्यांची गाडी पोहोचत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे!

आमच्या खानापूर तालुक्यात सातवीनंतर मुलींची शाळा सुटते ती पुस्तकांवाचून नव्हे. हायस्कूल लांब, एस.टी.ची वेळ जुळत नाही आणि संध्याकाळी जंगलातल्या वाटेने पोरीला एकटी कोण सोडणार? एखाद्या कारखान्याने अशा चार-पाच वाड्यांसाठी टेम्पो लावून दिला, तर हजार दप्तरांहून जास्त काम होईल. काही ठिकाणी शिक्षक कमी म्हणून गावकरीच वर्गणी काढून मानधन देतात. तिथेही हातभार लागावा.

यासाठी कायद्यात वाव आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार वर्षाला ५ कोटी किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, तेही आपल्या परिसराला प्राधान्य देऊन. सुरू केलेले काम त्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवता येते. म्हणजे टेम्पोचे भाडे किंवा मानधन एका हंगामापुरते ठेवण्याची सक्ती नाही. अनेक लहान फौंड्री या मर्यादेत येत नाहीत, तरी देतात. त्यांचे जास्त कौतुक.

काय हवे ते मात्र शाळेनेच सांगावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत, किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचेच काम. अनेक गावांत ही समिती फक्त सह्यांपुरती उरली आहे, त्याचा दोष आम्हा पालकांचाही.

आपल्यालाही एक विनंती. वाटपाच्या फोटोशेजारी त्या शाळेची पटसंख्या आणि एसडीएमसीने मागितलेल्या तीन गोष्टी छापाव्यात.

एक पालक, खानापूर