ऑक्टोबरात या, पण एक अट आहे

ती. अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अण्णा म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ काढलेली माणसं आम्ही, वणव्याला काय भ्यायचं?" आणि विषय संपला. अण्णांशी फोनवर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून लिहून पाठवते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव आणि मध्ये त्यांना बोलू देऊ नकोस.

बाग आता दादा बघतो, छाटणीतून तुम्ही मोकळे, इथली द्राक्षांची तोड बघायची हौस आहे आणि दिवाळी नातवंडांत करायची आहे. सगळं मान्य. पण नेमके हेच ऑक्टोबरचे दिवस आमच्याकडे, कॅलिफोर्नियात, वणव्याच्या धोक्याचे.

इथला ऋतू आपल्या उलटा. पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते ऑक्टोबर जवळजवळ थेंब नाही. फेब्रुवारीत डोंगर हिरवेगार असतात आणि जूनपर्यंत सगळं गवत वाळून पिवळं होतं. आपल्याकडे ऑक्टोबरात विहिरींना पाणी असतं, तेव्हा इथलं रान महिनोन्‌महिने वाळत पडलेलं असतं. त्यातच डोंगरापलीकडून ईशान्येचा कोरडा वारा सुटतो. आणि अण्णा, तुम्ही विचाराल म्हणून सांगते, पाऊस चांगला झाला म्हणजे सुटलो असं नाही. २०१६-१७चा हिवाळा भरपूर पावसाचा होता. त्यानं गवत माजलं, आणि तेच ऑक्टोबरात पेटलं. दुष्काळात झाडं मरतात, सुकाळात गवत वाढतं. दोन्हीचं सरपणच.

ती आग आम्ही इथं यायच्या आधीची. ८ ऑक्टोबर २०१७च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ पेटली आणि पहाटेच्या आत डोंगर उतरून सांता रोझा शहरात शिरली. सहापदरी हायवे ओलांडून पलीकडची आख्खी वस्ती खाल्ली. साडेपाच हजारांवर इमारती गेल्या, २२ माणसं गेली. सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतील असा इशारा त्या रात्री दिलाच गेला नव्हता. जुनी माणसं सांगतात की १९६४ सालीही आग साधारण याच वाटेनं आली होती. तेव्हा त्या वाटेवर घरं फारशी नव्हती, एवढाच फरक. २०१८ साली उत्तरेला पॅराडाइज गाव जळालं. ८५ माणसं मेली, त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची. कुणाला गाडी चालवता येत नव्हती, कुणाला निघायचंच नव्हतं.

२०१९ची आग मात्र आमच्या अंगणापर्यंत आली म्हणायला हरकत नाही. शनिवारी सकाळी आमचं आख्खं विंडसर गाव रिकामं करायचा हुकूम निघाला, आणि रविवारी लक्ष्मीपूजन! चकलीचा डबा, देव, कागदपत्रं गाडीत घातली आणि सनीवेलला मैत्रिणीकडे गेलो. पूजा तिच्याच घरी केली. जिल्ह्यातून दोन लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून निघाली. लोक तेव्हा कुरकुरले, उगाच पळवलं म्हणाले. पण गाव मोकळं असल्यामुळे अग्निशामक दलाला माणसं शोधत बसावं लागलं नाही. त्यांनी आग गावाच्या वेशीवर अडवली. त्या आगीत एकही माणूस मेला नाही. २०१७ आणि २०१९ शेजारी शेजारी ठेवून बघा, मला काय म्हणायचंय ते कळेल.

अण्णा, दुष्काळ दिसत दिसत येतो. पाऊस लांबतो, विहीर तळ गाठते, मग तुम्ही टँकर लावता, आईच्या पाटल्या गहाण पडतात आणि बाग जगते. बहात्तर साली तुम्ही खडी फोडलीत, सुकडी आणि अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्लीत, पण आजोबांनी वस्ती सोडली नाही. हे ऐकतच आम्ही मोठे झालो. जो टिकून राहिला तो तरला, हे दुष्काळात खरं आहे. आगीत जो टिकून राहतो तो मरतो. मला तुमच्या भित्रेपणाची काळजी नाही, धीराची आहे.

तयारी आम्ही बरीच केली आहे, आल्यावर दिसेलच. घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून भिंतीपासून पाच फुटांत पेटण्यासारखं काही ठेवलेलं नाही. लाकडाच्या भुशाचं आच्छादन काढून खडी टाकली. पन्हाळीतला पाला उन्हाळाभर काढत राहतो. छपराखालच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवली. काथ्याचं पायपुसणं वाऱ्याच्या दिवशी घरात घेते. आई, दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळलं की मी लगेच उतरवणार, तेव्हा "दिवाळीपर्यंत राहू दे" म्हणू नकोस.

गावामागच्या टेकडीवरचं गवत खायला मेंढ्या भाड्यानं आणतात. हो, भाड्यानं! गवत खाऊ घालायचं आणि वर पैसेही द्यायचे. त्यांच्यामागे पेरूहून आलेले मेंढके असतात. आपल्या जतकडच्या धनगरांना हे सांगितलं तर ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर, २०२१ साली राज्याचे गव्हर्नर मेंडोसिनो तलावाच्या कोरड्या तळात उभे राहून आणीबाणी जाहीर करत होते. शेजारच्या हील्ड्सबर्गमध्ये माणशी रोज ७४ गॅलनची मर्यादा घातली, म्हणजे जवळपास २८० लिटर. मी ते वाचून हसले. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलेलं पाहिलेल्या माणसाला हा कसला दुष्काळ वाटणार? पण हिरवळ आम्हीही काढून टाकली, आणि भाज्या धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

विमा कंपनीनं गेल्या वर्षी हात वर केले. दुसरा विमा मिळाला, महाग आणि तोकडा. त्यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या जावयांचं डोकं अजून तापलेलं आहे.

धुराचं मात्र अण्णांच्या दम्यामुळे सांगायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये एक दिवस सकाळी आकाश नारिंगी झालं, दुपारी दिवे लावावे लागले. त्या वर्षी कित्येक बागांतली द्राक्षं धुराचा वास बसला म्हणून तोडलीच नाहीत. असे दिवस आले तर हवा गाळणारं यंत्र असलेल्या खोलीत बसायचं, बाहेर पडताना घट्ट मास्क लावायचा. तुमचा सकाळचा फेरा बंद.

आता अट. इथं आधी तयारीचा इशारा येतो, मग निघण्याचा हुकूम. म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी इशाऱ्यालाच निघायचं असतं, हुकमाची वाट बघायची नाही. मी "चला" म्हटलं की गाडीत बसायचं. नळी घेऊन छपरावर चढायचं नाही, "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचं नाही. रात्री चष्मा आणि बूट पलंगाशेजारी, पासपोर्ट आणि औषधं दाराजवळच्या पिशवीत. पोलिसांचा दोन सुरांचा भोंगा ऐकू आला तर कोण आलंय ते बघत बसायचं नाही. वीज गेली की गॅरेजचं दार लाल दोरी ओढून हातानं उचलावं लागतं. ते मी आल्या दिवशी दाखवीन, तुम्ही दोघांनी एकेकदा उचलून बघायचं. आईनंसुद्धा.

येताना दम्याचे पंप दोन आणा आणि डॉक्टरांकडून औषधांची नावं इंग्रजीत लिहून घ्या. आई, भाजणी आण, लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत सांडलं होतं. अट मान्य असेल तर दादाला तारखा कळवायला सांगा, तिकिटं मी काढते. "बघू" म्हणालात तर ते नाही असंच धरीन आणि एप्रिलची तिकिटं काढीन.

तुमची लेक