जिफी गद्दार नव्हता रे

कार्डिफ, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू पटकन बोलून गेलास, "पैशासाठी देशाची टीम सोडली म्हणजे गद्दारच की", आणि तेवढ्यात माझी बस आली म्हणून विषय अर्धवट राहिला. पण तो शब्द मला दोन दिवस टोचतोय, म्हणून आज बसून लिहितोय.

जोनाथन डेव्हिस, वेल्सचा रग्बी खेळाडू. इथे सगळे त्याला जिफी म्हणतात. जन्म १९६२ चा, गाव ट्रिमसारन, लानेलीजवळचं, कोळशाच्या पट्ट्यातलं आणि घराघरात वेल्श बोलणारं. चौदा वर्षांचा असताना वडील गेले. अंगाने किरकोळ, पण पाय असे की समोरच्याला कळायच्या आत हा दुसऱ्या बाजूने निघालेला. नीथ क्लबकडून खेळता खेळता १९८५ ला वेल्सच्या टीममध्ये आला, पहिलीच मॅच इंग्लंडशी, इथेच कार्डिफला. इंग्लंडच्या फुलबॅकच्या, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणाऱ्याच्या हातून बॉल सुटला आणि याने झडप घालून ट्राय केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला. शिवाय एक ड्रॉप गोल, म्हणजे टप्पा पडलेल्या बॉलला लाथ मारून खांबांमधून काढलेला. वेल्स २४-१५ जिंकलं. पुढे १९८७ च्या पहिल्या वर्ल्ड कपला तिसरा नंबर, १९८८ ला ट्रिपल क्राऊन, म्हणजे एकाच सीझनला इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवलं.

आणि त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडचा दौरा. पहिली टेस्ट ५२-३, दुसरी ५४-९, दोन्ही हरले. दुसऱ्या टेस्टला कॅप्टन हाच होता, आणि त्या धुलाईतही लांबवर पळत जाऊन ट्राय केला त्याने. परत आल्यावर हा म्हणाला की वेल्सच्या रग्बी संघटनेच्या वार्षिक सभेत मला बोलू द्या, नक्की काय चुकतंय ते सांगतो. नाही बोलू दिलं! वर डिसेंबरमध्ये रोमानियाने कार्डिफला येऊन हरवलं. जानेवारी १९८९ मध्ये हा उत्तर इंग्लंडच्या विडनेस क्लबला गेला, रग्बी लीगमध्ये, सव्वादोन लाख पाउंडांच्या आसपास घेऊन.

आता इथे तुला मागचं सांगायला हवं. रग्बी युनियन (जिफी तोवर खेळायचा ते) आणि रग्बी लीग हे भाऊबंदकीतून वेगळे झालेले दोन खेळ आहेत. १८९५ ला उत्तर इंग्लंडमधले क्लब म्हणाले, आमची पोरं खाणीत आणि गिरणीत राबतात, मॅचसाठी खाडा पडला तर बुडालेली मजुरी तरी द्या. युनियनवाले म्हणाले हा हौशी खेळ आहे, दमडी मिळणार नाही. झालं, घर फुटलं. तेव्हापासून जो लीगमध्ये जाईल त्याला युनियनचं दार कायमचं बंद. म्हणजे स्टेडियम भरायचं यांच्या खेळावर, आणि खेळणाऱ्याने मात्र सोमवारी परत कामावर जायचं. सांग मला, यात गद्दारी कोणी कोणाशी केली? घरच्या माणसांसाठी चार पैसे कमवायला गेलेल्या पोराला गद्दार म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि तिकडे काय गालिचा अंथरून ठेवला नव्हता. लीगमध्ये तेरा जण, सहा टॅकल (बॉलवाल्याला पकडून पाडणं) झाले की बॉल समोरच्यांना द्यायचा, आणि टॅकल असे की हाडं खिळखिळी व्हावीत. सव्वीसाव्या वर्षी पहिल्यापासून शिकायचं. लोक म्हणत होते हा महिनाभर टिकणार नाही. त्याच वर्षी विडनेसने ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा रेडर्सना ३०-१८ हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज घेतलं, हा होता त्या टीममध्ये. नंतर वॉरिंग्टन क्लब, आणि १९९४ ला मॅन ऑफ स्टील, म्हणजे अख्ख्या सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू.

पण तू एकच गोष्ट बघ. ऑक्टोबर १९९४, लंडनचं वेम्बली स्टेडियम, लीगची मॅच, ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ब्रिटनचा कॅप्टन शॉन एडवर्ड्स रेड कार्ड खाऊन बाहेर, म्हणजे बाराच जण उरलेले. जिफीकडे बॉल येतो, गॅप दिसते, हा घुसतो. समोर फुलबॅक ब्रेट मलिन्स, तरणाबांड, प्रचंड वेगवान. जिफी आत पास द्यायची हुलकावणी देतो, मलिन्स एक क्षण, फक्त एकच क्षण थबकतो, आणि हा बाहेरच्या बाजूने कमान घेत सुटतो तो थेट कोपऱ्यात अंग झोकून देतो. आपल्या कबड्डीत रेडर कोपऱ्यातून निसटतो ना, अगदी तसं. ब्रिटन ८-४ जिंकलं. पुढे त्याच मॅचमध्ये खांदा निखळून तो बाहेर गेला.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये युनियनने पैशाला परवानगी दिली. शंभर वर्षं लागली रे! नोव्हेंबरमध्ये जिफी कार्डिफ क्लबकडे परत आला. पहिल्या मॅचला त्याला कोणी पासच देत नव्हतं असं इथे लोक सांगतात. तेव्हाच घरी बायकोला, कॅरनला कॅन्सर निघालेला. तरी वेल्सची जर्सी पुन्हा घातली त्याने, शेवटची मॅच मार्च १९९७, इंग्लंडशीच, कार्डिफच्या जुन्या आर्म्स पार्क मैदानावर. वेल्स हरलं. त्याच वर्षी कॅरन गेली. आज तो इथल्या वेलिन्द्र कॅन्सर हॉस्पिटलसाठी फंड गोळा करतो, आणि टीव्हीवर वेल्शमध्येही कॉमेंट्री करतो. मला त्यातला शब्द कळत नाही पण आवाज लगेच ओळखू येतो.

वेम्बलीचा तो व्हिडिओ पाठवतोय. मलिन्स थबकतो तिथे पॉज कर आणि जिफीचे पाय बघ, मग फोन कर मला.

तुझाच,
बाळ्या