माफी चार पानांत उरकू नये

संपादक महोदय,

हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांना ‘टाइमपास’ म्हणून हिणवणाऱ्यांसाठी हे पत्र. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचं. तिथं अशा एका मालिकेचे पाच भाग आहेत. कापसाची वेचणी आटोपली की त्यांच्यासाठी नंबर लागतात.

पहिल्या भागात साखरपुड्याच्या दिवशी पळालेला पोरगा तिसऱ्या भागात कुणाच्या तरी लग्नात वाढायला उभा दिसतो. जिला सोडून गेला तीच समोर पंगतीत. ती पत्रावळीवर हात आडवा धरते, “नको,” म्हणते, तेही त्याच्याकडे न बघता. बस, एवढंच. मला तो प्रसंग सगळ्या मालिकेत खरा वाटला, कारण गावात माणूस शेवटच्या पानावर संपत नाही, पुढच्या लग्नात पुन्हा भेटतोच.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून माझे वडील आणि काका नऊ वर्षं बोलत नव्हते. एका दसऱ्याला काका सोनं घेऊन दारात आले. वडिलांनी आपट्याची पानं घेतली, पण चहा मात्र पुढच्या दसऱ्याला झाला.

म्हणूनच पाचव्या भागात त्याच पोराला नायक करायचं म्हणून लेखिकेनं चार पानांत माफी उरकली, याचा राग आला. सहावा भाग आला की नंबर मात्र मी लावणारच आहे.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ